कठडा कोणी बांधावा?

दि. ८ जुलै २०२५ रोजी सकाळी तामिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात, सेम्मनकुप्पम गावानजीक, शाळकरी मुलांची व्हॅन रूळ ओलांडत असता प्रवासी गाडीने तिला धडक दिली. तीन विद्यार्थी दगावले. तेथे फाटक होते, फाटकवालाही होता. त्याला निलंबित करून अटक करण्यात आली. दोष कोणाचा हे ठरवावयास न्यायासन आहे. आमच्या मनाला टोचणारा प्रश्न निराळा आहे.

ते फाटक सिग्नलशी जोडलेले नव्हते. जेथे असे इंटरलॉकिंग असते तेथे फाटक बंद होऊन कुलूप लागल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळतच नाही. फाटकवाल्याला डुलकी लागो, विसर पडो, वा हॉर्न वाजवणाऱ्या रांगेची भीड पडो, गाडीला अलीकडेच थांबावे लागते. साध्या फाटकाची सारी भिस्त मात्र स्टेशनवरून येणारा फोन आणि एका माणसाचे भान यांवर.

मग हे कुलूप सर्वत्र का नाही? ढोबळमानाने सांगायचे तर, दिवसभरातील आगगाड्या आणि रस्त्यावरची वाहने यांचा गुणाकार करतात. तो २०,००० च्या वर गेला तर इंटरलॉकिंग, अशी मर्यादा होती. या अपघातानंतर ती १०,००० वर आणण्याचा आदेश रेल्वेमंत्र्यांनी दिला.

हा हिशेब निर्दय आहे असे आम्ही म्हणणार नाही. पैसा मोजका असता जेथे वर्दळ अधिक तेथे तो आधी लावणे, हाही एक न्यायच. ब्रॉडगेज मार्गांवरील पहारेकरी नसलेली फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली, तीही एका दिवसात नव्हेत. परंतु गुणाकार लहान येतो तो बहुधा खेड्यात. आणि तेथील आईने मूल व्हॅनमध्ये बसवताना वर्दळ मोजलेली नसते.

‘अनुवाद’ या ग्रंथात नवे घर बांधणाऱ्यास धाब्याभोवती कठडा घालण्याची आज्ञा आहे. न घातल्यास, पडून मेलेल्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. धाब्यावर रोज किती माणसे चढतात, हे तेथे विचारलेले नाही.

आणि आम्ही स्वतः? मिस्सेला उशीर होतो म्हणून एका फाटकापाशी आम्हीही हॉर्न वाजवला आहे. फाटकवाल्याने आमच्याकडे पाहिले, झग्याकडे पाहिले, आणि फाटक उघडले नाही. तेव्हा मनातल्या मनात आम्ही त्याला काय म्हणालो, ते येथे लिहिण्याजोगे नाही.