उसना उजेड

एखादे गाणे आपल्याला आवडते असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय आवडत असते? प्रश्न दिसायला सोपा आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर चघळावा इतका हलकाही वाटेल. पण गेली तीन वर्षे तो माझ्या मागे लागला आहे, आणि त्याचे उत्तर काय येते यावर माझ्यापुरते बरेच काही अवलंबून आहे. म्हणून तो वाचकांपुढे मांडतो.

गाणे म्हणजे ‘शुक्रतारा’. नाव घेतले की मराठी माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. १९६२ च्या सुमारास त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. त्या काळी रेडिओला परवाना लागे आणि तो घरोघरी नसे. एका खिडकीतला रेडिओ अख्ख्या वाड्याचा असे. आमच्या नाशिकच्या जुन्या वाड्यांत हे गाणे असेच शिरले. कुणी ते गंगेवरून परतताना गुणगुणत असे (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), तर कुणी लग्न ठरल्यावर एकदम अर्थ कळल्यासारखे ऐकू लागे. ते वाडे पुष्कळसे पडले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. गाणे मात्र राहिले. आजही कुठल्याही मैफलीत मध्यंतर झाले की मागच्या रांगांतून त्याची चिठ्ठी पुढे सरकतेच.

आणि गंमत अशी की या गाण्याला आम्ही ‘आपले’ म्हणतो. वस्तुतः त्यात नाशिकचे काय आहे? पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. खळे वाढले बडोद्याला. दाते इंदूरचे, रसिकाग्रणी रामूभैया दाते यांचे चिरंजीव, आणि शिक्षणाने कापडगिरणीचे इंजिनिअर. सुधा मल्होत्रा हिंदी चित्रपटांत गाणाऱ्या. त्यांची मातृभाषाही मराठी नव्हे. चार दिशांची चार माणसे एकत्र आली आणि तीन-चार मिनिटांची एक वस्तू करून गेली. आमच्या गावात तात्यासाहेब शिरवाडकरांसारखा कवी असताना आम्ही संध्याकाळी गुणगुणतो ते वेंगुर्ल्याच्या कवीचे गीत! तेव्हा आपलेपणा गाण्याच्या जन्मस्थानावरून आलेला नाही, हे उघड आहे. तो कुठून आला?

माझे एक स्नेही आहेत, निवृत्त गणितशिक्षक. त्यांच्याजवळ याचे उत्तर तयार आहे. ते म्हणतात, “अहो, तुम्हांला गाणे-बिणे काही आवडत नाही. तुम्हांला तुमचे पंचविसावे वर्ष आवडते. ते परत मिळत नाही, म्हणून तुम्ही त्या वर्षाचे गाणे पुन्हा पुन्हा लावता.” बोलणे थट्टेचे असले तरी मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. खरोखरच आपण एखाद्या गाण्यावर प्रेम करतो की त्या गाण्याला चिकटलेल्या आपल्या आयुष्यावर? आणि दुसरे खरे असेल तर गाण्याची योग्यता एखाद्या जुन्या फोटोपेक्षा अधिक ती काय उरली? फोटोतला माणूस ज्याच्या ओळखीचा, त्यालाच फोटोचे महत्त्व. तो गेला की फोटो अडगळीत.

मास्तरांच्या बाजूने बोलायचे तर त्यांच्यामागे फार मोठा आधार आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावर टीका लिहिली. तीत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे. घरची काळजी किंवा घरचा आनंद घेऊन जो रंगमंडपात बसतो, त्याला समोरचे नाटक दिसतच नाही. तो आपलेच पाहत राहतो. या कसोटीने ‘शुक्रतारा’ ऐकून डोळे पुसणारे आम्ही सारे म्हातारे अरसिकच ठरतो! गाणे सुरू झाल्याबरोबर आम्ही ते ऐकायचे सोडून देतो आणि आपापल्या संसारात शिरतो.

आता माझ्यापुरते काय अवलंबून आहे ते सांगतो. माझी पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. हे गाणे आमच्या घरात जवळजवळ पन्नास वर्षे होते. आधी रेडिओवर, मग तबकडीवर, मग कॅसेटवर, अखेर नातीच्या फोनवर. मास्तरांचे म्हणणे खरे असेल तर ते गाणे आता फक्त माझ्या आठवणीपुरते जिवंत आहे, आणि माझ्याबरोबर तेही संपेल. तसे असेल तर असो. पण ते खरे आहे का, हे पाहणे मला भाग आहे.

विचार करता करता मला शाकुंतलाचा पाचवा अंक आठवला. दुष्यंत शापामुळे शकुंतलेला पार विसरलेला आहे. आत कुठेतरी राणी हंसपदिका गात असते, आणि ते ऐकून राजा कारण नसताना अस्वस्थ होतो. प्रिय माणूस तर कुणी दुरावलेले नाही, मग ही हुरहुर कशाची? त्याला वाटते, मागच्या जन्मीची काही नाती नकळत मनात रुतून राहिली असतील. येथे एक बारकावा आहे. हंसपदिकेने गाइले ते शकुंतलेसाठी नव्हे. शकुंतला तिला ठाऊकही नाही. राजा आपल्याला विसरला, दुसऱ्या राणीत रमला, ही तिची स्वतःची तक्रार आहे. तरी तिच्या दुःखाचा उजेड जाऊन पडला तो भलत्याच ठिकाणी, राजाच्या विसरलेल्या प्रेमावर. आठवणीने गाण्याला अर्थ दिला असे येथे म्हणता येत नाही, कारण आठवण शिल्लकच नव्हती. गाण्याच्याच अंगी असे काही होते की जे त्याने न पाहिलेल्या जागेपर्यंत पोचले.

हा झाला नाटकातला दाखला. घरातला दाखला माझी नात. तिचा जन्म या गाण्यानंतर चाळीस वर्षांनी झाला. तिच्यापाशी वाडा नाही, खिडकीतला रेडिओ नाही, आमचे पंचविसावे वर्ष तर नाहीच नाही. तिला हे गाणे मनापासून आवडते. मास्तर म्हणाले, तुम्हांला आवडते म्हणून तिला आवडते. पण माझ्या आवडीची नाट्यपदेही तिने लहानपणापासून ऐकली आहेत, आणि त्यांना ती मुळीच दाद देत नाही!

एवंच, दोन्ही गोष्टी खऱ्या दिसतात. आम्ही गाण्यात आपले आयुष्य ऐकतो, हेही खरे. आणि ज्याचे आयुष्य त्यात नाही त्यालाही ते ओढून घेते, हेही खरे. हा विरोध मिटवायला मला मदत झाली ती खुद्द शुक्राची. शुक्र हा तारा नव्हे, ग्रह आहे. त्याला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्यापासून तो आपल्याला सत्तेचाळीस अंशांहून दूर कधी दिसत नाही, म्हणून सूर्यास्तानंतर फार तर तीनेक तास अंजनेरीच्या बाजूला पश्चिमेला चमकतो, नाहीतर पहाटे पूर्वेला. त्याचा उजेड उसना आहे. पण उसना उजेड काय सर्वांनाच मिळतो! सूर्यप्रकाश चंद्रावरही पडतो. चंद्र त्याचा जेमतेम आठवा हिस्सा परत फेकतो. शुक्र जवळजवळ तीन चतुर्थांश. कारण त्याच्याभोवती दाट ढगांचे आवरण आहे. म्हणजे उजेड सूर्याचा असला तरी चमक शुक्राची आहे. गाण्याचे तसेच असावे. आमच्या आयुष्याचा उजेड त्याच्यावर पडतो, हे मास्तरांचे म्हणणे मान्य. पण आमच्या तारुण्यात शेकडो गाणी आमच्या कानांवर पडली. त्यांतली बहुतेक तो उजेड गिळून बसली. या एका गाण्याने तो परत दिला. हा त्या शब्दांचा, त्या चालीचा, त्या दोन आवाजांचा गुण. आमचे त्यात कर्तृत्व नाही.

येथे प्रश्न संपला असता तर बरे झाले असते. पण यातूनच दुसरा निघतो, आणि तो नीतीचा आहे. उजेड आमचा, म्हणून गाण्यावर हक्कही आमचा का?

काही वर्षांपूर्वी गावातल्या एका कार्यक्रमात एक तरुण मुलगी हे गाणे गात होती. तिने लय किंचित संथ घेतली आणि अंतऱ्याच्या शेवटी एक जागा स्वतःच्या पद्धतीने घेतली. मागून आवाज आला, “मूळ आहे तसे म्हणा!” टाळ्या पडल्या. मुलगी थांबली, पुन्हा सुरू केले, आणि तबकडीबरहुकूम म्हणून दाखवले. सभागृह खूश झाले. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पहिल्या खेपेला ती गात होती. दुसऱ्या खेपेला ती हजेरी देत होती.

आपल्याकडे हे मुळात नव्हते. ख्यालगायकाने काल गायिलेला यमन आज तसाच गायिला तर त्याला दाद मिळत नाही. संगीत नाटकांत बालगंधर्वांना ‘वन्स मोअर’ मिळे, पण तो पुन्हा काही नवे मिळेल या आशेने. पुढे तबकडी आली, आणि एका दिवशी एका खोलीत घेतलेला श्वास हा कायमचा कायदा झाला. जगभर हेच झालेले दिसते. इंग्लंडमधल्या ‘लेड झेपेलिन’ या रॉक गायकवादकांच्या संचाचे ‘स्टेअरवे टु हेवन’ हे गाणे १९७१ साली निघाले. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. आणि ते गाणारा रॉबर्ट प्लांट पुढे त्या गाण्याला कंटाळल्याचे उघड बोलू लागला. आमच्या दात्यांनी ‘शुक्रतारा’ याच नावाने अडीच हजारांहून अधिक कार्यक्रम केले. २०१८ साली ते गेले. इतक्या वेळा तेच गाणे म्हणताना त्यांच्या मनात काय येत असेल, ते त्यांचे त्यांना माहीत. मला विचारायचे आहे ते आपल्याविषयी. अडीच हजारदा मागताना, आपण त्यांच्यापाशी गाणे मागत होतो, की आपली हरवलेली वस्तू?

कुणी म्हणेल, चाल ही संगीतकाराची निर्मिती आहे. तिला वाटेल तसे वाकवणे हा त्याचा अपमान. बरोबर आहे. खळ्यांच्या चालींतली एकेक जागा विचाराने बसवलेली असते, आणि ती बिघडू न देणे हे रसिकाचे कामच आहे. पण रागावण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: दुखावले कोण, चाल की माझी आठवण? चाल दुखावली असेल तर बोलावे. आठवण दुखावली असेल तर गप्प बसावे. कारण त्या गाणाऱ्या मुलीने माझी आठवण सांभाळण्याचा पत्कर घेतलेला नाही. ती माझी मी सांभाळावी.

हा नियम दुसऱ्याला सांगणे सोपे. मला तो पाळण्याची वेळ आली यंदाच्या वर्षश्राद्धाला. नातीने विचारले, “आजोबा, आजीसाठी मी ‘शुक्रतारा’ म्हणू का? दोघांचेही मीच म्हणेन.” खरे सांगायचे तर मला ते नको होते. त्या गाण्यात दुसऱ्या कुणाचा आवाज शिरला की पन्नास वर्षांची घडी मोडेल, अशी भीती वाटली. पण नाही म्हणायला माझ्यापाशी कारण नव्हते. होता तो फक्त मालकीचा हट्ट. मी म्हटले, “म्हण. आणि तुला येईल तसे म्हण.”

तिने म्हटले. एक हरकत तिने सोडूनच दिली, एके ठिकाणी श्वास भलतीकडे घेतला. माझी आठवण सुरुवातीला अडखळली, हे खरे. पण ती अडखळली म्हणूनच पुष्कळ वर्षांनी गाण्याचे शब्द एकेक करून कानांवर आले. आणि बाईचा वाटा कुठे सुरू होतो, कुठे ती त्याच्या बोलण्याला उत्तर देते, हे इतके स्पष्ट मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. दोघांचे गाणे दोघांचेच असते, ही साधी गोष्ट एकट्याने ऐकताना अधिक कळते.

तेव्हापासून मास्तरांना द्यायचे उत्तर माझ्यापाशी आहे. गाण्यावर आपला हक्क नसतो. आपल्यावर गाण्याचे ऋण असते. आपण दिलेला उजेड त्याने साठ वर्षे परत केला, हे काही थोडे नाही. हे ऋण फिटायचे तर ते गाणे अधूनमधून आपले नसल्यासारखे ऐकावे, आणि ज्याला ते नव्याने म्हणायचे असेल त्याच्या वाटेतून दूर व्हावे. त्याचा उजेड निराळा असेल. तोही ते गाणे परत देईल.