कोंडलेला तडा

तडा पदार्थाला जातो असे आपण म्हणतो. दोन वेगळे पदार्थ जोडले की तो दोघांपैकी कोणाचाच राहत नाही. तो सांध्याचा होतो.

अखंड काचेतला तडा फार पळू शकत नाही. वेग वाढला की त्याचे टोक डळमळते, त्याला फांद्या फुटतात आणि ऊर्जा त्या फांद्यांत वाटली जाते. ओढून उघडणाऱ्या तड्याची सैद्धांतिक हद्द म्हणजे पृष्ठभागावरून धावणाऱ्या रॅले तरंगाचा वेग. काच त्याच्या निम्म्याच्या आसपासच अडखळते.

सांध्यात वळायला जागा नाही. दोन्हीकडे मजबूत पदार्थ आणि मध्ये दुबळी रेघ. कोंडलेला तडा मोकळ्या तड्याहून जोरात पळतो, हे मला या शास्त्रातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य वाटते.

१९५९ साली एम. एल. विल्यम्स यांनी अशा विजोड जोडीचे गणित सोडवले. त्यांच्या उत्तरात टोकाजवळचा ताण पुनःपुन्हा चिन्ह बदलतो. तेच उत्तर पुढे नेले, तर तड्याचे दोन काठ एकमेकांत घुसतात. पदार्थ असे करत नाहीत. तरी त्यातले मर्म खरे आहे : विजोड जोडी सरळ ओढली, तरी ती थोडी सरकतेच.

आणि सारा वेग सरकण्यात आहे.

१९९०च्या दशकात कॅलटेकमध्ये आरेस रोझाकिस आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्रिलिक आणि पोलाद चिकटवून त्या जोडावर आघात केला. तड्याने अ‍ॅक्रिलिकमधल्या कर्तन तरंगाला, म्हणजे पदार्थ आडवा सरकवत जाणाऱ्या तरंगाला, मागे टाकले. पोलादातला तोच तरंग तिपटीने वेगवान, त्यामुळे पोलादाच्या लेखी हा तडा संथच होता. एकच तडा, एका काठाला तरंगाच्या पुढे आणि दुसऱ्या काठाला मागे.

पदार्थाला दिशा असली की कोडे आणखी गहिरे होते. बांबू उभा सहज चिरतो, आडवा हटून बसतो. कार्बन तंतू आणि इपॉक्सीचा पत्राही तसाच. तंतूंच्या दिशेने ताठ, आडवा नरम. डेमिर कोकर आणि रोझाकिस यांनी अशा पत्र्यात तंतूंच्या कडेने तडा धावू दिला. ओढून उघडला, तेव्हा त्याने रॅले तरंगाची हद्द कधीच ओलांडली नाही. सरकवून तोडला, तेव्हा तोच तडा सेकंदाला ७ किलोमीटरच्या वर गेला. पत्रा तोच, वाटही तीच, फक्त बळाची दिशा बदललेली.

जमिनीतला भ्रंश म्हणजेही अशीच दुबळी रेघ, दोन्हीकडे बहुधा वेगवेगळा खडक. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सुलावेसीतल्या पालूजवळ ती सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर वेगाने फाटत गेली, खडकातल्या कर्तन तरंगाच्याही पुढे. भूकंप आणि त्सुनामीत ४,००० हून अधिक माणसे गेली.

विमानाचा पंख असो की पवनचक्कीचे पाते, जोडकाम करणाऱ्यांना माझे एवढेच मागणे आहे : दोन पदार्थांच्या ताकदीचे आकडे पाहून थांबू नका. सांध्याची ताकद वेगळी मोजा. ती नुसती ओढून नव्हे, सरकवूनही मोजा, आणि संथ भाराखाली नव्हे तर आघाताखाली मोजा.