वाळूचे टेकाड आणि एकट्याचे पाऊल

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील युब्युलिडीस या ग्रीक तार्किकाच्या नावावर एक कोडे सांगितले जाते. ढिगातून एक कण काढला तर ढीग ढीगच राहतो. दुसरा काढला तरी राहतो. मग असे एकेक कण काढीत गेल्यास ढीग आपल्या ढीगपणास मुकतो, तो नेमका कोणत्या कणाने? तर्कशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी हे ऐकून हसतात आणि विसरतात. परंतु समुद्रकाठी ते निव्वळ बुद्धीचा खेळ राहत नाही. सुट्टीत वेळासला वा मोरजीला गेलेला सुशिक्षित गृहस्थ मुलाबाळांसह वाळूच्या टेकाडावर चढतो, तेव्हा त्याच्या मनात हेच कोडे उत्तरासकट तयार असते: आमच्या एका पावलाने असे काय व्हायचे आहे? हे उत्तर नीतीच्या कसोटीस उतरते काय, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

प्रथम टेकाड उभे कसे राहते ते पाहू. ओहोटीने उघडी पडलेली पुळण उन्हाने सुकते आणि वारा तिचे कण उचलतो. कण फार उंच जात नाहीत. लहान लहान उड्या मारीत जमिनीलगत पुढे सरकतात. वाटेत वाहून आलेला ओंडका किंवा गवताचा झुबका आडवा आला, की वाऱ्याचा जोर ओसरतो आणि कण तेथेच बसतो. आपल्या किनाऱ्यावर हे आडवे येण्याचे काम बऱ्याच अंशी मर्यादवेल करतो. आपट्यासारखी दुभंगलेली पाने, जांभळट गुलाबी फुले आणि पेरापेराशी मुळे. वाळूखाली गाडला गेला तरी हा वेल मरत नाही, वर डोके काढतो. पुन्हा गाडला तर पुन्हा काढतो. वाळू आणि वेल यांच्या या चढाओढीतूनच टेकाड वाढते. भरतीची रेघ संपते तेथून पुढे तो पसरतो, म्हणूनच त्याला हे नाव मिळाले असावे. ज्या अनामिक माणसाने ते ठेवले, त्याची दृष्टी आम्हांस कित्येक पंडितांहून तीक्ष्ण वाटते.

हे टेकाड निरुद्योगीही नाही. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, उथळ पाण्यात तिचा बांध घालतात आणि वादळवारे सरले की ती हळूहळू परत आणतात. या देवघेवीत टेकाड ही शिल्लक ठेव होय. त्यात मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही वाडीतील विहीर गोडी असू शकते.

आता त्या गृहस्थाच्या उत्तराकडे वळू. एक पाऊल म्हणजे काहीच नव्हे, असे जो म्हणतो, त्याने एक कण म्हणजेही काहीच नव्हे, असे म्हटले पाहिजे. आणि मग ज्यावर तो उभा आहे ते टेकाड आले कोठून, हे सांगितले पाहिजे. परंतु हे केवळ प्रतिपक्षाला निरुत्तर करणे झाले. खरा दोष अधिक खोल आहे. युब्युलिडीसचे कण एकमेकांना ओळखत नाहीत. पावले मात्र ओळखतात. पहिल्याच्या पायाखाली वेल चिरडला की तेथे अस्पष्ट वाट दिसते; दुसरा त्याच वाटेने जातो, कारण ती दिसते. वेल मेला की वाळू उघडी पडते, आणि वारा ती उघडी जागा खणू लागतो. थोड्याच काळात टेकाडाला खिंड पडते व भरतीच्या मोठ्या लाटेला आयतीच वाट सापडते. तेव्हा येथे बेरीज करून भागत नाही. एक पाऊल दुसऱ्याला बोलावते, आणि एकटेपणाची सबब तेथेच लटकी पडते.

कोणी म्हणेल, मग रोज होडीकडे जाणारा खारवी किंवा गाबीत काय अपराधी? आम्हांस तसे वाटत नाही. त्याची वाट ठरलेली असते आणि तिच्याशी त्याचा संसार बांधलेला असतो. पाहुण्याला मात्र सगळे टेकाडच वाट वाटते. याहून जड आक्षेप असा की, जेथे धनिक मंडळी आख्खी टेकाडे सपाट करतात, तेथे पावलांचा हिशेब मांडणे हा दांभिकपणा होय. यात तथ्य आहे. 1991 साली केंद्र सरकारने काढलेल्या किनारा-नियमनाच्या अधिसूचनेत वाळूची टेकाडे सपाट करण्यास वा बदलण्यास मनाई होती, आणि तीत सुशोभनाचे कारणही चालणार नाही असे म्हटले होते. पुढे 2011 आणि 2019 साली नव्या अधिसूचना निघाल्या. टेकाडे मात्र संरक्षित यादीतच राहिली. सुशोभनाचा उल्लेख करणारास माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता! श्रीलंकेतील याला येथे एका विश्रामधामाने समुद्र नीट दिसावा म्हणून समोरचे टेकाड काही अंशी काढून टाकले होते. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा ते विश्रामधाम पार उद्ध्वस्त झाले. पाहणीस गेलेल्या शास्त्रज्ञांना शेजारच्या शाबूत टेकाडांमागे तितकी हानी आढळली नाही.

परंतु मोठ्या अपराध्याकडे बोट दाखविल्याने लहानाचा हिशेब मिटत नाही. आणि दोघांची वासना पाहिली तर ती एकच आहे. दोघांनाही समुद्र हवा आहे, आणि मध्ये काही असू नये असे वाटते.

वेळासच्या पुळणीत कासवी रात्री येऊन भरतीच्या रेषेवर खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. त्यांना आई नसते, वाटाड्या नसतो. मागे टेकाडाची काळी आकृती आणि पुढे पाण्यावरचा फिकट उजेड, एवढ्यावरून ती समुद्राची दिशा ओळखतात. मागे काळोखाऐवजी दिवे लागले, तर ती उलट चालू लागतात.