येसराचं माप

तिसगावात लग्नघरी येसर करायला काढलं की बाजरी, गहू आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजतात, कारण तिन्हींना लागणारी आच वेगळी. बाजरी तडतडते, गव्हाला वेळ लागतो, डाळ बघता बघता करपते. मग धने, लाल मिरच्या, खोबरं, लवंग, दालचिनी. सगळं निवलं की दळायचं. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की हे पीठ गार पाण्यात कालवून त्यात सोडायचं आणि ढवळत राहायचं. बाजरीची भाकरी चुरून त्यावर ही आमटी ओतायची आणि जेवायचं. मी एकदा वही घेऊन आईला विचारलं, "चार माणसांना येसर किती घ्यायचं?" ती म्हणाली, "चार माणसांसाठी कोण येसर करतं गं?"

आईने मला उडवून लावलं, असंच मला बरीच वर्षं वाटत होतं. ते उत्तर म्हणजेच माप होतं, हे उमगलं शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मुळे. २०१५ साली आलेलं हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाचं आहे. कृती सांगता सांगता ते घरच्या आठवणी सांगतं, आणि अन्नावरून माणसाची प्रत ठरवणाऱ्या परंपरेला जाबही विचारतं. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. तिसगावचा आमचा पाथर्डी तालुका मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्याला लागून आहे. त्यामुळे पुस्तकातलं येसूर आणि आमचं येसर यांच्यात एका उकाराचंच अंतर.

वाटी-चमच्याच्या मापांबद्दल माझ्या मनात आकस नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र' १९१०चं. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि परगावी बिऱ्हाड करणाऱ्या किती मुलींची सासूच्या तोंडाकडे बघत उभं राहण्यातून सुटका झाली. हे लहान काम नव्हतं. पण वाटीच्या मापात एक गोष्ट गृहीत असते: घरात डबे आहेत, डब्यांत जिन्नस आहे आणि तो उद्याही असणार आहे. जिरायती मुलखात याची खात्री कुणी देऊ शकत नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांनी सुकडीवर दिवस काढले, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. त्या भाकरीची कृती लिहायची तर पिठाइतकंच त्या वर्षाबद्दल लिहावं लागेल. नाहीतर ही भाकरी कुणी का थापली, हेच कळणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की अशा अन्नाच्या पुस्तकात आठवणी कृतीच्या शेजारी शोभेला ठेवलेल्या नसतात. किती, केव्हा, कुणासाठी आणि कशाशिवाय हे त्याच सांगतात. मढी तिसगावच्या जवळच आहे. तिथे कानिफनाथांच्या यात्रेआधी होळीपर्यंत महिनाभर तळण करायचं नाही अशी प्रथा आहे. मढीतल्या भज्यांची कृती लिहिणाऱ्याने हा महिना गाळला, तर बेसनाचं प्रमाण बरोबर असूनही कृती चुकलेली असेल.

येसराचंही तसंच. आईच्या डोक्यात वाटी नव्हती, पंगत होती. शंभर पानं धरली आणि दीडशे उठली, तर डाळीच्या आमटीची अडचण होते. डाळ पुन्हा शिजवावी लागते. येसर आमटीत पाणी वाढवायचं, मूठभर पीठ कालवून सोडायचं, उकळी आली की झालं. मांडवात आलेल्या कुणालाही उपाशी परत पाठवायचं नाही, या हट्टातून हा पदार्थ घडला असावा असं मला वाटतं. चार माणसांचं माप त्याला मुळात नाहीच.

पण याच येसराचं दुसरं माप माझ्या चुलतीकडे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॉलीत भांडी, सरपण, पिठाची गोणी, तिखटाचा डबा. चुलतीच्या सामानात येसराची पिशवी असायचीच. तिला कृती विचारली की ती फड सांगते. पहाटे तीनला उठायचं, पाणी लांबून आणायचं, कोपीपुढच्या तीन दगडांवर भाकरी उरकायच्या, लेकरू पाचटावर निजवून कोयता हातात घ्यायचा. आधी मला वाटायचं, ही विषय सोडून बोलतेय. मग लक्षात आलं की तिने सगळं सांगितलं होतं. पाणी आणि सरपण दोन्ही मोजकं, डाळ शिजेपर्यंत थांबायला वेळ नाही, आणि येसर तर गावाहूनच भाजून आणलेलं. एका उकळीत कालवण तयार. किती वेळ उकळायचं, हे मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

ट्रॉलीवरच्या या संसारासारखंच काहीसं अमेरिकेत होतं. तिथे चार्ल्स गुडनाइट यांनी १८६६ मध्ये गुरांचे कळप हाकणाऱ्या माणसांसाठी एका जुन्या लष्करी गाडीला कप्पे जोडून फिरतं स्वयंपाकघर उभं केलं. हे कळप तिकडच्या रँचवरचे. रँच म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान आणि त्यातलं घर. आमच्याकडे रानातल्या घराला वस्ती म्हणतात. त्या रँचवरच्या जेवणाच्या आठवणी आणि कृती एकत्र बांधलेली पुस्तकं आज शहरातली माणसं हौसेने उघडून रांधतात. ऊसतोडीच्या ट्रॉलीतल्या स्वयंपाकघराला तसे वाचक मिळालेले नाहीत, याची मला खंत आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीर वाटतो. भुकेच्या आठवणी अशा चवीने वाचायच्या का? रस्त्याकडेच्या हॉटेलांत 'गावरान' म्हणून ठेचा-भाकरी मातीच्या ताटात वाढतात, तसंच हे नाही का? मला फरक दिसतो. हॉटेल पदार्थ घेतं आणि माणूस दाराबाहेर ठेवतं. पाटोळे यांच्या पुस्तकात माणूस ओलांडून पदार्थापर्यंत जाताच येत नाही.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. ते पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून मी रांधायला उभी राहिले, तेव्हा येसुरापर्यंत हात सराईतासारखा चालला. उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्यांपाशी आले आणि थांबले. लहानपणी गावाच्या एका टोकाला दोरीवर चान्या वाळत घातलेल्या दिसल्या की आम्ही वाट बदलून जायचो. मोठ्यांनी तसं सांगितलेलं होतं. त्याच घरांतल्या बाया आमच्या खळ्यावर राबायच्या, पदरात बाजरी घेऊन जायच्या. त्या बाजरीचं पुढे त्यांच्या चुलीवर काय होत असे, हे आमच्या वस्तीवर कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही. आईचं माप मला ठाऊक होतं, चुलतीचं उशिरा कळलं. आमच्या हातून मापून दिलेली बाजरी जिथे शिजत होती, तिथलं माप मात्र मी परजिल्ह्यातल्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकात वाचत होते.

माझ्या वहीत येसराचं पान आता असं आहे: वर आईची पंगत, खाली चुलतीचा फड. त्याखाली अर्धं पान कोरं सोडलंय. खळ्यावर येणाऱ्या त्या बायांपैकी एक अजून गावात आहे, माझ्या आईच्या वयाची. तिचं घर मला माहीत आहे. पुढच्या खेपेला तिसगावला गेले की वाट न बदलता तिच्याकडे जाणार आहे. तिला सांगावंसं वाटलं, तर ती सांगेल.