अंगणांतलें रोहित्र

जिज्ञासा हा सद्गुण आहे काय, असें कोणीं विचारलें असतां आम्ही आजवर विचार न करतांच होकार देत आलों. वर्गांत तर हा होकार आमच्या तोंडीं इतका बसला होता कीं, त्यास कांहीं अट असूं शकेल हें ध्यानींही येत नसे. परंतु गेल्या चैत्रांत सोनारी येथें घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें तो होकार आम्हांस पुन्हा तपासून पाहावा लागला.

सोनारी हें धाराशिव जिल्ह्यांतील परंडा तालुक्यांतलें गांव. तेथील काळभैरवनाथ अनेक घराण्यांचा कुलस्वामी आहे. आम्हीही कुलाचार म्हणूनच गेलों होतों. दर्शन झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून त्याच्या घरीं गेलों. अंगणांत, तुळशीवृंदावनापासून दहा पावलांवर, एक करड्या रंगाची लोखंडी पेटी दिसली. तिच्या अंगाला नळ्यांच्या फासळ्या होत्या आणि माथ्यावर चिनी मातीचे खुंट होते. सरकारी भाषेंत हिला रोहित्र म्हणतात, गांवांत सगळे डी. पी. म्हणतात. पंचवीस के. व्ही. ए. चें हें जुनें रोहित्र त्यानें भंगाराच्या व्यापाऱ्याकडून विकत आणलें होतें. पावती त्यानें आपण होऊन दाखविली. कारण तांब्याच्या लोभानें रोहित्रें फोडून गांवेंच्या गांवें अंधारांत लोटणारे चोर आपल्याकडे थोडे नाहींत, आणि २००३ च्या वीज कायद्यानें असा माल चोरणें हा स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे. आमचा विद्यार्थी त्यांतला नव्हता. त्यास घरीं कृत्रिम वीज पाडून पाहावयाची होती. निकोला टेस्लानें १८९९ सालीं अमेरिकेंत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें जें केलें, त्याची लहानशी आवृत्ति त्यास सोनारींत काढावयाची होती.

तो आंत गेला असतां त्याची आई हलकेच म्हणाली, “सर, तो तुमचंच ऐकतो. हे धूड घरात ठेवावं का नको, तुम्हीच सांगा.” त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. चहा घेऊन आम्ही निघालों. तें राहिलेलें उत्तर येथें देण्याचा विचार आहे.

प्रथम या वस्तूचें स्वरूप पाहूं. १८३१ सालीं फॅरडेनें लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एका वेटोळ्यांतील प्रवाह सुरू किंवा बंद करतांच दुसऱ्यांत क्षणिक प्रवाह उत्पन्न होतो, असें त्यास दिसलें. रोहित्राचें मर्म एवढेंच. वेढ्यांच्या संख्येच्या प्रमाणांत दाब चढतो अथवा उतरतो. गांवच्या खांबावरचें रोहित्र ११,००० व्होल्टांचा दाब ४३३ वर उतरवितें, आणि तीच वीज आपल्या पंपांत व दिव्यांत येते. पण हें यंत्र उलटही चालतें. उतरत्या बाजूस घरची वीज दिली, तर चढत्या बाजूस दहा हजारांच्या आसपासचा दाब उभा राहतो. हौशी लोकांस या यंत्राचा मोह पडतो तो याच कारणानें.

येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. दुकानांच्या निऑन पाट्यांसाठीं जें लहान रोहित्र असतें, त्याची घडणच अशी असते कीं, ठराविक मर्यादेपलीकडे प्रवाह देण्याचें तें नाकारतें. खांबावरच्या रोहित्रास असा संकोच नाहीं. साऱ्या वस्तीची गरज भागविण्यासाठींच तें जन्मलें असल्यामुळें मागणारा जितकें मागेल तितकें तें देतें. मग मागणारा पंप असो कीं माणसाचा हात असो. पहिल्या यंत्रांत संयम कारागिरानें घालून ठेवला आहे. दुसऱ्यांत तो चालविणाऱ्यानें आणावयाचा असतो.

आतां विद्यार्थ्याची बाजू. ती दुबळी नाहीं. विजेचें शास्त्र प्रथम पुष्कळसें घरींच वाढलें. बेंजामिन फ्रँकलिननें १७५० च्या डिसेंबरांत विजेच्या धक्क्यानें टर्की पक्षी मारण्याचा प्रयोग करतां करतां स्वतःच तो धक्का खाल्ला, आणि पुढें एका पत्रांत आपल्या चुकीची लाजही कबूल केली. आपल्या शंकर आबाजी भिसे यांनीं लहान वयांत घरींच कोळशाचा वायु तयार करणारें उपकरण रचलें होतें, असें सांगतात. त्या काळीं वडीलधाऱ्यांनीं त्यांचा हात धरला असता तर काय झालें असतें? शिवाय मिल्लनें १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत सांगितलेंच आहे कीं, ज्याचा परिणाम केवळ स्वतःवर होतो, त्या कृत्यांत समाजानें हात घालूं नये. विद्यार्थी आम्हांस हेंच म्हणाला, “जीव माझा आहे, सर.”

परंतु जीव खरोखर केवळ त्याचा आहे काय? १७५३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें रिचमन नांवाचा शास्त्रज्ञ आकाशांतील वीज मापीत असतां तिच्या आघातानें मरण पावला. जवळ उभा असलेला खोदकाम-कलावंत खालीं कोसळला. तो वांचला हें त्याचें दैव. विजेचें वैशिष्ट्यच असें कीं, तिच्या तडाख्यांत सांपडलेल्यास सोडविण्यास जो धांवतो, तोही तिचें भक्ष्य होऊं शकतो. मुलगा तारेस चिकटलेला पाहून जी आई धांवणार नाहीं, ती आई कसली? म्हणजे ज्या घरांत प्रेम आहे, त्या घरांत ‘केवळ माझा जीव’ अशी वस्तूच नसते. मिल्लचें सूत्र खोटें नाहीं. पण तें लावण्यापूर्वीं ‘स्वतः’ची सीमा कोठें संपते हें ठरवावें लागतें.

यावर कोणी म्हणेल, त्याच गांवचा शेतकरी रात्रीं डी. पी. वर जाऊन हातानें फ्यूज घालतो, त्यास तुम्ही दोष देत नाहीं; मग याला कां? हा आक्षेप आम्हांस फार टोंचला. शेतकऱ्याचा धोका कमी नाहीं, कदाचित् अधिकच आहे. पण त्याचें पीक वाळत असतें. आणि त्यास तेथें लोटण्याचें पाप दुसऱ्या कोणाच्या तरी माथीं असतें. हौशी माणसास कोणीं लोटलेलें नसतें. जो धोका गरजेनें पत्करला जातो, त्याचा जाब समाजास विचारावा; जो आवडीनें पत्करला जातो, त्याचा जाब ज्याचा त्यानें द्यावा. आवड हें पाप नव्हे. मात्र तिच्यावर जबाबदारीचें ओझें अधिक पडतें, कारण तिला थांबण्याची मोकळीक असते.

परदेशांतील एक उदाहरण येथें बोधप्रद होईल. भट्टीच्या उपकरणांतून, म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनमधून, काढलेल्या रोहित्रानें लांकडावर विजेची नक्षी जाळण्याची हौस अलीकडे अमेरिकेंत पसरली आणि तींत अनेक माणसें दगावलीं. शेवटीं तेथील लांकूड कांतणाऱ्यांच्या संघानें आपल्या कार्यक्रमांत या प्रकारास बंदी घातली. बंदी घालणारे हौशी लोकच होते, हें विसरतां कामा नये. मेलेल्यांपैकीं पुष्कळांनीं कृति उचलली, पण तिच्यामागचें ज्ञान उचललें नाहीं. कृति उचलणें म्हणजे जिज्ञासा नव्हे. यंत्र सुरू कसें करावें हें ज्यास ठाऊक आहे, पण तें कोणत्या क्षणीं काय करील हें ठाऊक नाहीं, तो जिज्ञासु नसून केवळ उतावळा आहे.

आणि आतां आमचा स्वतःचा अपराध. हा मुलगा आमच्या महाविद्यालयांत तीन वर्षें होता. तेथें उपकरणांचीं कपाटें होतीं आणि त्यांस कुलुपें होतीं. मोडतोड झाल्यास भरपाई कोण करणार, या भयानें तीं क्वचितच उघडत. आम्ही तत्त्वज्ञान शिकविणारे. कुलूप आमचें नव्हे, असें म्हणून आम्हीं तिकडे पाहिलें नाहीं. जी जिज्ञासा आम्हीं फळ्यावर गौरविली, तिला आम्हीं हात ठेवण्यास जागा दिली नाहीं. आणि आज ती एका म्हातारीच्या अंगणांत येऊन बसली आहे. सुरक्षित जागा न देतां नुसतें ‘नको’ म्हणण्याचा अधिकार शिक्षकास कितपत आहे, याची आम्हांस शंका वाटते.

म्हणून आम्हीं त्यास असें लिहिलें आहे: पेटी टाकून देऊं नकोस, पण तिला वीजही देऊं नकोस. आधीं तिच्यांतील तेल कोणतें आहे तें जाणत्याकडून तपासून घे. कांहीं जुन्या विद्युत्-उपकरणांत पीसीबी नांवाचीं विषारी द्रव्यें असत, आणि त्यांवर २००१ च्या स्टॉकहोम करारानें जगभर बंधन आलें आहे. मग गाभा उघड, वेढे मोज, गांवच्या मुलांस फॅरडेचें कडें समजावून दे. ठिणगी पाहावयाचीच असेल, तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या उच्चदाब-प्रयोगशाळेंत पाहूं. परवानगीसाठीं लागेल तितके उंबरे झिजविण्यास आम्ही तुझ्याबरोबर येऊं. आणि हें पत्र आईस वाचून दाखव.

भैरव हा क्षेत्रपाल. गांवाच्या शिवेचें रक्षण करणें हें त्याचें काम. शीव राखणाऱ्या देवानें कोणास बाहेर जाण्याची बंदी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पण शीव ओलांडतांना त्यास नमस्कार करून, म्हणजे आपण कोठें चाललों आहों हें जाणून, जावें अशी आपली रीत आहे. जिज्ञासेसही आम्ही तेवढेंच मागतों. विद्यार्थ्याचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. त्यांत एकच ओळ होती: “सर, उंबरे झिजवायला केव्हां येतां?”