सभेने उत्तर द्यावे

आमच्या पिंपळनेरला सप्ताहात द्रौपदीचे आख्यान लागले की बाया डोळ्यांना पदर लावतात. भर सभेत तिने प्रश्न विचारला, पण भीष्मद्रोणांना उत्तर देता आले नाही. लाज सभेची, वाहिली मात्र तिने.

रुवांडात १९९४ साली वंशसंहार झाला. ताबा भागाचा प्रमुख आकायेसू याच्यावरील पहिल्या आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. खटला चालू असताना बाया साक्षीत बोलल्या, तेव्हा १९९७ मध्ये तो आरोप जोडला गेला. २ सप्टेंबर १९९८ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने निकाल दिला : बलात्कार हेही वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते. या सभेने उत्तर दिले.

तरी परकी सभा परक्याला दोषी म्हणते, ते सोपे. बेलवडीची गढी जिंकल्यावर महाराजांच्या एका सरदाराने तिथल्या सावित्रीबाई देसाईणीची अब्रू घेतली आणि शिवाजी महाराजांनी त्याचे डोळे काढून त्याला कैदेत टाकले, अशी हकीकत जदुनाथ सरकारांनी नोंदवली आहे. ती शिक्षा आज कोणी मागू नये. घ्यायचे ते इतकेच, की अपराधी आपला होता, विजयी होता, तरी सुटला नाही.

म्हणून संतसज्जनहो, बाई बोलू लागली की आधी ऐकावे. आरोपी कोणाकडचा, हे नंतर विचारावे.