हात माझे, उत्तर कुणाचं?



आजच्या वाचनात गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक आला. कुठलंही कर्म घडायला पाच गोष्टी लागतात, असं भगवंत तिथे सांगतात. कर्माचा आधार असलेलं शरीर, करणारा, त्याची साधनं, त्या साधनांच्या हालचाली आणि पाचवं दैव. म्हणजे कर्ता वेगळा आणि करण वेगळं. हा श्लोक आला की मला उमरग्यातली परीक्षेची एक खोली आठवते आणि मी तिथेच अडकते.

२०१९ ची हिवाळी परीक्षा. मी बारावीत होते. आमच्या गल्लीतला एक दादा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याला लेखनिक हवा होता आणि तेव्हा नियम असा होता की, परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा. म्हणून मी. अर्ज, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स, माझं आयकार्ड, सही करणारे साहेब आज नाहीत, उद्या या... तीन खेपा झाल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच लेखनिक आणि जादा वेळ दोन्ही लिहिलेलं आहे. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळायची. तरी दोन तास झाले तसे सुपरवायझर पेपर ओढायला आले. दादाने खिशातून त्या सूचनांच्या कागदाची घडी काढून पुढे केली. त्याला सवय होती.

बाहेर पोरं म्हणत होती, "त्याला ४० मिनिटं फुकट, आम्हाला का नाही?" मलाही तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आता देईन. प्रश्न ऐकायचा, पुन्हा वाचायला सांगायचा, उत्तर मनात जुळवायचं, दुसऱ्याच्या हाताच्या वेगाने थांबत थांबत सांगायचं. ती ४० मिनिटं यातच जातात. आणि मी जो चष्मा लावून पेपर देते, त्यासाठी माझ्याकडून कुणी कधी अर्ज मागितला नाही.

पण अडकते ती इथे नाही. इतिहासाच्या पेपरात नागपूर करारावर टीप होती. दादा म्हणाला, "१९५६ साली." मला माहीत होतं, १९५३. मी एक क्षण थांबले आणि १९५३ लिहिलं.

परत येताना मोठ्या आनंदाने त्याला सांगितलं. वाटलं, तो खूश होईल. तो बराच वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "अगं, मी पास झालो तर आता नेमकं कोण पास झालं?" मी म्हटलं, एका सालाने काय होतं? तो म्हणाला, "लेखनिक सांगतो आणि हे पास होतात, असं लोक आधीच म्हणतात. आजपर्यंत ते खोटं होतं."

पुढच्या पेपरला त्याने शेजारचा अकरावीतला मुलगा नेला. मी घरीच.

तेव्हा मला राग आला होता. मदतच केली ना मी? आज कळतं ते असं, की मी करण म्हणून बसले होते आणि कर्ता होऊन उठले. हात आणि डोळे उसने घेतले म्हणून कर्ता बदलत नाही, पण हाताने स्वतःच ठरवायला घेतलं की बदलतो. ज्ञानेश्वरी माउलींनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. ती सच्चिदानंदबाबांची आहे, असं कुणी म्हणत नाही. विदर्भातल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. दुसऱ्यांकडून वाचून घेत, तोंडी सांगत त्यांनी ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून जास्त ग्रंथ केले. आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांचे हात तुटल्यावर विठोबा म्हणे कुंभार होऊन त्यांच्या घरी राबला, मडकी घडवली, आणि ती गोरोबांचीच म्हणून बाजारात गेली. देवाने मडक्यावर आपली खूण केली नाही. माझ्याकडून एक साल आवरलं नाही!

उलटी बाजूही आहे. लेखनिक चुकेल, फसवेल, या भीतीने कॉलेजं खेपा वाढवतात, आणि त्रास होतो त्याला, ज्याने काहीच केलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की, अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी असलं तरी लिहिता येत नसेल तर लेखनिक मिळायला हवा. तो उमेदवार रायटर्स क्रॅम्पचा होता, म्हणजे लिहायला घेतलं की हात आखडतो. गैरवापराची भीती तिथेही मांडली गेली होती. मला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली, कारण त्या भीतीला मीही एक पुरावा दिला होता.

हे कॉलेजला सांगायला हवं होतं का? दादा नको म्हणाला होता, म्हणाला, पुढच्यांचे लेखनिक बंद करतील. मी गप्प बसले. ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं?

परवा त्याचा मेसेज आला, मोबाईलला बोलून टाईप केलेला. बँकेची परीक्षा देतोय. "गल्लीतली एक पोरगी लेखनिक म्हणून येणार आहे, पहिल्यांदाच. तिला आधी काय सांगू?"

मी लिहिलं, नागपूर कराराची गोष्ट सांग. माझं नाव घेऊन सांग.

राम कृष्ण हरी.